चेंडूसमोर उभं राहताना

१२ जानेवारी

बारक्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला सारशील, हे मला ठाऊक आहे. तरी वाच. यात मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही आणि बाबांचं नाव काढून भांडणारही नाही. म्हणजे नाव काढणार आहे, पण भांडणार नाही.

तुझ्या लेकीचा परवा फोन आला होता. तू आणि मी बोलत नसलो तरी ती अधूनमधून आत्याची चौकशी करते, हे तुला माहीत असेल किंवा नसेल. तिला आणि जावईबापूंना आता मूल हवंय. त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही घरांतल्या आजारांची विचारपूस केली, म्हणून तिने मला विचारलं, "आत्या, आजोबा कशाने गेले? बाबा म्हणतात दारूने." मी म्हटलं, आठवून सांगते. जसं काही मी विसरलेच होते.

खरं सांगायचं तर ते कशाने गेले हे मलाही सांगता येत नाही. एवढं नक्की की दारूने नाही. छापखान्यातला जुळारी, बारीक खिळे चिमटीत धरून ओळीच्या ओळी लावणारा माणूस, त्याच्या हातून खिळ्यांचे खण उलटायला लागले. चालताना झोक जायला लागला, बोलणं जड झालं, स्वभाव तिरसट झाला. गल्लीने ठरवलं की हा प्यायला लागलाय. मालकाने तेच ठरवून घरी पाठवलं. आणि तू कॉलेजातून आलास तेव्हा तूही तेच ठरवलंस. शेवटी शेवटी त्यांना मी हाताने भरवत होते, त्यांच्या तोंडाला कसला वास यायचा आणि कसला नाही हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? तू याच एका गोष्टीवरून घर सोडलंस आणि ते गेले तेव्हाही फिरकला नाहीस. त्यावर आज मी काही म्हणत नाही. पण पोरीला उत्तर द्यायला हवं आणि ते चुकीचं असायला नको. तुला त्या दिवसांतलं काही आठवत असेल तर कळव.

माझं म्हणशील तर मी गोल्फ खेळते. हस, पोटभर हस. पाणीपुरवठा कार्यालयात जन्मभर नळांचे नकाशे काढले, निवृत्त झाल्यावर हातांना काही काम नको का? शेजारच्या केमिस्टबाईंनी मला एकदा सकाळी ओढून नेलं आणि त्यांच्या गेलेल्या नवऱ्याच्या काठ्यांची थैली माझ्या गळ्यात मारली. तो माणूस सहा फुटी, मी ही एवढीशी. त्या काठ्या घेऊन मी उभी राहिले की झाडूवाली दिसायचे.

पण एकदा चेंडू नीट बसला, बारक्या. तो नीट बसला की हाताला काही लागल्याचं कळतच नाही. चुकला तर कोपरापर्यंत झिणझिण्या येतात, बरोबर लागला तर काहीच नाही, नुसता एक आवाज होतो आणि चेंडू कुठल्या कुठे गेलेला असतो. त्या एका फटक्यासाठी मी बाकीचे चुकलेले फटके आनंदाने सोसते. आता स्वतःच्या मापाच्या काठ्या घ्यायच्या ठरवल्या आहेत. सध्या फटके जरा बिघडलेत, ते त्या सहा फुटी दांड्यांमुळेच.

ताई

९ फेब्रुवारी

बारक्या,

उत्तर आलं नाही, ते येणार नव्हतंच. मी लिहीत राहणार.

काठ्या घेतल्या. तुला यातलं काही कळत नाही म्हणून सांगते, नाहीतर उद्या म्हणशील बहीण पैसे उधळते. नवशिक्याने थैली भरून काठ्या घ्यायच्याच नसतात. सगळ्यांत लांब पल्ल्याची ती ढोल्या डोक्याची काठी तर पहिल्या वर्षी घरात आणूच नये, तिने फक्त अहंकार लांब जातो. मधल्या पल्ल्याची एक, सातव्या नंबरची एक, नवव्या नंबरची एक, वाळूतून वर काढायला एक, आणि भोकात ढकलायला एक. एवढ्यावर माणूस सुखाने खेळतो. दांडा आपल्या उंचीला हवा, त्याची लवचीकता आपल्या जोराला हवी आणि मूठ आपल्या पंजाला हवी. हे सगळं मापून देणारा माणूस दुकानात असतो, त्याला फिटर म्हणतात. आमचा फिटर टक्कल पडलेला, गोडबोल्या आणि विक्रीत तरबेज आहे.

त्याने माझं मनगट जमिनीपासून किती वर आहे ते मोजलं, पंजा मोजला. मग एका जाळीसमोर उभं करून सातव्या नंबरच्या काठीने चेंडू मारायला लावले. काठीच्या पात्यावर पांढरी पावडर फवारतात, म्हणजे चेंडू कुठे लागला त्याचा ठसा उठतो. माझे ठसे सगळ्या पात्यावर पसरले होते, देवीचे व्रण असावेत तसे. फिटर म्हणाला, नवीन माणसाचे पसरतातच, महिन्याभरात एका जागी गोळा होतील.

मागे एक कॅमेरा लावलेला असतो. पडद्यावर बघत फिटर म्हणाला, "मॅडम, मारण्याआधी क्षणभर अगदी स्थिर उभ्या राहा."

मी म्हटलं, "स्थिरच उभी आहे."

तो पडद्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग उठून त्याने कॅमेऱ्याची काच पुसली आणि स्टँडचा स्क्रू आवळला. परत बसला आणि परत तेच म्हणाला. आता मला राग आला. ड्रॉइंग बोर्डसमोर आख्खं आयुष्य उभं राहून काढलेल्या बाईला हा उभं राहायला शिकवणार. मी बरंच बोलले, जरा जास्तच बोलले, केमिस्टबाईंनी हात धरला तेव्हा थांबले. फिटर बिचारा दांड्यांच्या रंगांबद्दल बोलायला लागला.

शेवटी त्याने मऊ दांड्याच्या काठ्या सुचवल्या, त्या चुका सांभाळून घेतात म्हणे. मी घेतल्या. दिसायला सुरेख आहेत, अगदी माझ्या मापाच्या.

तुझ्या लेकीने पुन्हा फोन केला होता. बोलता बोलता तिने सांगितलं की तू दवाखाना बंद केलास, पाठीमुळे. दातांच्या डॉक्टरांच्या पाठी जातातच, वाकून वाकून. वहिनी गेल्यापासून तू एकटा आहेस, त्यात काम नाही, दिवस कसा घालवतोस? आजोबांचं तिने परत विचारलं. मी म्हटलं, ब्लडप्रेशर होतं गं त्यांना. ते खोटं आहे, पण फोन ठेवायला पुरलं.

ताई

१५ मार्च

बारक्या,

नव्या काठ्यांनी आधी मला स्वर्गात नेलं. सकाळी गवतावर दव असतं, चौघीजणी आम्ही चालतोय, कोणाला कसली घाई नाही. एका छोट्या पल्ल्यावर माझा चेंडू उंच गेला, झेंडीच्या अलीकडे पडला आणि सरपटत भोकाच्या इतका जवळ थांबला की केमिस्टबाईंनी मला मिठी मारली. त्या दिवशी घरी येऊन मी एकटीने दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा बाल्कनीत उभी राहून प्याले. म्हातारपणी असं काही मिळेल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मग परत बिघडलं. चेंडूच्या डोक्यावर लागायचं, नाहीतर आधी जमिनीत. मी फिटरकडे गेले. तो म्हणाला, काठ्यांच्या मुठी जाड करून बघू, बोटांची चुळबुळ कमी होते. चुळबुळ हा शब्द त्याचा. जाड मुठींनी आठवडाभर बरं चाललं. मग भोकात ढकलायची काठी हातात थरथरते असं वाटलं, तर त्याने जड डोक्याची दिली, जड काठी हलत नाही. तीही चालली, मग चालेनाशी झाली. दर वेळी तो माणूस माझ्या हातांप्रमाणे काठी बदलतो आणि दर वेळी हात पुढे निघून जातात.

बाबांचे बूट आठवतात तुला? ते म्हणायचे, मी झोकांड्या खात नाही, बूट वाकडे झालेत. चांभाराकडून टाचा बदलून आणायचे, मग तळवे, मग नवेच बूट आणले, आणि मग म्हणायला लागले की रस्ताच खराब केलाय नगरपालिकेने. तू दारात उभा राहून हसला होतास. मीही हसले होते.

हे मला का आठवलं कोण जाणे. आज सकाळी मी काठी फेकली. चेंडू पाण्यात गेला म्हणून नाही, मागून कोणीतरी म्हटलं, "अहो, किती हलताय, एकदाचं मारा." काठी झाडाला लागली. केमिस्टबाईंनी ती उचलून आणली, रुमालाने पुसली आणि थैलीत ठेवली. परत येताना गाडीत त्यांनी सावकाशीने विचारलं, हल्ली झोप नीट लागते ना तुम्हाला? मी म्हटलं, ठणठणीत आहे. त्यांच्या दुकानात रोज आजारी माणसं येतात, त्यांची नजर तशी झालीय.

मला भीती वाटते, बारक्या. कसली ते मी लिहीत नाही. तुला बाबा कसे चालायचे ते नीट आठवत असेल तर आठवून बघ.

ताई

२८ एप्रिल

बारक्या,

आज मी सगळं लिहिणार आहे. उभ्याने वाचत असशील तर बस.

फिटरकडे गेले होते, मुठी परत बदलायला. या वेळी त्याने काही विकायचा प्रयत्न केला नाही. म्हणाला, तुमचं आधीचं चित्रण आणि आजचं, दोन्ही शेजारी लावून दाखवतो. नवीन माणसाचे ठसे दिवसागणिक गोळा होत जातात, तुमचे पसरत चाललेत आणि मला माझ्या धंद्यातलं कारण सापडत नाही. त्याने दोन खुर्च्या ओढल्या आणि पडदा लावला.

पडद्यावर एक बाई चेंडूसमोर उभी होती. तिच्या डाव्या हाताची बोटं मुठीवर पेटी वाजवत असल्यासारखी उठत होती, पडत होती. एक पाऊल आत वळायचं, बाहेर वळायचं. खांदा उडायचा. मान एकदा झटकली जायची आणि ती झटकलेली लपवायला ती पदर सारखा करावा तसा हात वर न्यायची, पदर नव्हताच. मी त्या वेळी स्थिर उभी होते, बारक्या. आजही मला कोणी विचारलं तर मी शपथेवर सांगेन की मी दगडासारखी उभी होते.

ते बाबा होते. माझे कपडे घालून बाबा उभे होते. छापखान्याच्या दारात, बोटं अशीच उडत असताना, "मी काही घेतलेलं नाही हो," असं मालकाला सांगणारे. त्यांनाही स्वतःचं हलणं दिसत नव्हतं. आपण सगळे त्यांना म्हणायचो, खोटं बोलू नका. ते खरं बोलत होते.

फिटरने पाणी आणून दिलं. मुठी बदलायचं राहूनच गेलं.

केमिस्टबाईंनी मेंदूच्या डॉक्टरांकडे वेळ घेऊन दिली. त्यांनी मला एका रेषेवर चालायला सांगितलं, जीभ बाहेर काढून ठेवायला सांगितलं, ती माझ्याने बाहेर ठेववेना. मग वडिलांचं विचारलं. मी बूट सांगितले, खिळे सांगितले, भरवणं सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. आधी एका समुपदेशकबाईंशी बोलायला लावलं, कळून घ्यायचंय का ते पुन्हा पुन्हा विचारलं. मी हो म्हटलं. मग रक्त दिलं. निकाल यायचाय.

तुझ्या लेकीचे दोन फोन मी उचलले नाहीत. तिला काय सांगू? तू तरी उत्तर दे.

ताई

३० मे

बारक्या,

निकाल आला. आहे.

नाव लिहून ठेव, हंटिंग्टन. मेंदूचा आजार आहे, रक्तातून येतो. आई किंवा वडिलांना असला तर प्रत्येक मुलाला असण्याची शक्यता अर्धी, नाणं उडवल्यासारखी. तुझं नाणं वेगळं, माझं वेगळं. माझं उलटं पडलं म्हणून तुझं सुलटं पडतं असं काही नाही. तुला नसेल तर तुझ्यापाशीच संपलं, लेकीला काही नाही, तिच्या मुलाला काही नाही. तुला असेल तर तिचंही नाणं उडवायचं बाकी आहे. औषधाने हलणं थोडं कमी होतं, आजार बरा होत नाही. मला उशिरा सुरू झालाय म्हणून सावकाश वाढेल, असं डॉक्टर म्हणाले. खेळायला त्यांनी बंदी केलेली नाही. उलट म्हणाले, जमेल तितके दिवस खेळा.

खेळते. कालच गेले होते. आता मला माहीत आहे की मी हलते, म्हणून फटका चुकला तरी राग येत नाही. एक चेंडू बरोबर बसला. केमिस्टबाईंनी डोळे पुसले, मी त्यांना म्हटलं, अहो, रडताय काय, बघा तो कुठे गेला.

माझ्यामागे कोणी नाही. माझं जे व्हायचं ते माझ्याबरोबर संपेल. पण ती पोर मूल आणायच्या विचारात आहे आणि तिला अजून कोणी काही सांगितलेलं नाही. तिला कळायला हवं, आणि ते तुला डावलून मी सांगणार नाही, कारण यात तुझंही आयुष्य आहे. मी तुला कधी ये म्हटलं नव्हतं, बाबा गेले तेव्हासुद्धा फक्त तार केली होती. आता म्हणते. ये.

ताई

२२ जून

बाळा,

तुझे आजोबा दारू पीत नव्हते. त्यांनी आयुष्यात कधी घेतली नाही. हे वाक्य सगळ्यांत आधी लिही, असं तुझ्या बाबांनी मला बजावलंय. ते इथेच आहेत, पलीकडच्या खोलीत.

तू मला विचारलं होतंस की आजोबा कशाने गेले. मी ब्लडप्रेशर म्हटलं होतं, ते खोटं होतं. त्यांना हंटिंग्टन नावाचा आजार होता, तो मला आहे, तो रक्तातून मुलांकडे येऊ शकतो. मी तुझ्या बाबांना पाठवलेल्या पत्रांतलं त्यांनी एकही फाडलेलं नाही, सगळी वाचली आहेत. ती सोबत ठेवते. आजाराबद्दल डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्यात आहे, आधी शेवटचं वाच.

तुझे बाबा गेल्या आठवड्यात न कळवता आले. दारातच म्हणाले, तू बरी दिसतेस, डॉक्टर काहीही सांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याबरोबर मैदानावर आले, मला खेळताना बघायचं म्हणून. मी खेळले. ते बघवेना म्हणून की काय, म्हणाले, दे इकडे, मी मारून बघतो. मी त्यांच्या हातात सातव्या नंबरची काठी दिली आणि कसं उभं राहायचं ते सांगितलं. पाय खांद्याइतके लांब, गुडघे सैल, मूठ घट्ट नको. मग चेंडूकडे बघ आणि हलू नकोस.

बाळा, मी डॉक्टर नाही. मी जे पाहिलं तेवढंच लिहिते. त्यांची उजवी टाच उचलली जात होती आणि टेकत होती, आणि मुठीवरची बोटं एकेक करून सुटत होती.

मी म्हटलं, "हलू नकोस ना."

ते म्हणाले, "मी कुठे हलतोय?"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडावर जे काही दिसलं ते बघून त्यांनी काठी खाली ठेवली. आम्ही बाकावर बसलो. केमिस्टबाई समजूतदार आहेत, त्या लांब जाऊन उगाच चेंडू गोळा करत राहिल्या.

त्यांनी मला दवाखान्याचं सांगितलं, ते तुलाही सांग म्हणाले. पाठीचं काही नव्हतं. हत्यार हातात नीट बसेना म्हणून त्यांनी आधी स्वतःचं स्टूल बदललं, मग रुग्णाची खुर्ची बदलली, मग डोक्यावरचा दिवा, मग दात कोरायचं यंत्र, ते परदेशातून मागवलं. नवीन वस्तू आली की चार दिवस बरं जायचं. एका बाईचा गाल आतून कापला गेला तेव्हा त्यांनी यंत्राच्या कंपनीशी भांडण केलं. त्यानंतर दवाखाना बंद केला आणि तुला पाठ सांगितली. हे सांगताना ते मध्येच थांबले आणि मला म्हणाले, "ताई, ते खरंच पीत नव्हते?"

मी म्हटलं, "कधीच नाही."

ते रडले. मी त्यांना लहानपणानंतर रडताना पाहिलं नव्हतं. ज्या माणसावर ते सगळी हयात रागावले होते त्याची माफी मागायला आता तो माणूस नाही, आणि त्याचा आजार मात्र आहे. मीही रडले. मग आम्ही घरी आलो आणि संध्याकाळी ते म्हणाले, "तिला तू लिही. मला तोंडाने नाही जमणार."

म्हणून लिहिते. पुढे काय करायचं ते तू ठरवायचं आहेस, आम्ही नाही. तुझे बाबा रक्त तपासून घ्यायला तयार आहेत, पण त्यांचा निकाल कळला की तुझाही अर्धा कळल्यासारखा होतो. म्हणून ते तुझ्या होकारासाठी थांबले आहेत. तुला कळून घ्यायचं असेल तर तसं सांग. नसेल घ्यायचं, तर तेही सांग, आम्ही दोघं तो विषय परत तोंडातून काढणार नाही. मूल आणायचं असेल तर आजार पुढे जाऊ नये म्हणून काय करता येतं, ते तुमच्या डॉक्टरीणबाईंना विचार, काही मार्ग आहेत म्हणतात. जावईबापूंना पत्र वाचायला दे, त्यांच्यापासून लपवू नकोस. रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, मी तुला महिनोन्महिने ताटकळत ठेवलं.

तुझा फोन येईपर्यंत तुझे बाबा इथून हलणार नाहीत. इतकी वर्षं माझ्याशी न बोललेला हा माणूस दिवसभर फोनसमोर बसून असतो. तू केव्हाही कर, ते लगेच घेतील. फोन टेबलावर ठेवलाय आणि स्पीकर चालू करायचं मी त्यांना शिकवलंय, म्हणजे तो हातात धरायला लागणार नाही.

आत्या